खंय चललात?

आमच्या इन्सुलीत सकाळी घराबाहेर पाऊल टाकले, की वाटेत भेटणारा पहिला माणूस विचारतो, "खंय चललात?" ह्याला उत्तर द्यायचे असते, पण ते खरे असावे, अशी कुणाचीच अपेक्षा नसते. "हंयच" एवढे म्हटले की पुरते. हंयच म्हणजे इथेच. मग तो इथेच म्हणणारा बांद्याच्या बाजारात निघालेला असो, सावंतवाडीच्या कचेरीत निघालेला असो, नाहीतर मुंबईची गाडी पकडायला ट्रंक घेऊन उभा असो. त्याने आपली दखल घेतली, आपण त्याची घेतली, व्यवहार संपला. परगावचे लोक ह्याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

२०२४ च्या पावसाळ्यात हाच प्रश्न मला जपानच्या सरकारने विचारला, आणि तिथे "हंयच" चालण्यासारखे नव्हते. माझी भाची टोकियोला नोकरी करते. 'मामा, मामी, एकदा या' असा तिचा दोन वर्षे धोशा होता. शेवटी नोव्हेंबरात जायचे ठरले. व्हिसासाठी जे कागद लागले त्यांत एक तक्ता होता. तारीख, त्या दिवशी काय करणार, संपर्क कुणाशी, मुक्काम कुठे, असे त्याचे रकाने. जाल त्या दिवसापासून परताल त्या दिवसापर्यंत सगळे दिवस त्यात बसवायचे. मी सत्तरी गाठलेला माणूस. उद्या काय करणार हे मला घरात सांगता येत नाही. आणि इथे तीन महिन्यांनंतरच्या मंगळवारी मी कुठल्या गावात, कुठल्या छपराखाली निजणार हे लिहून त्याखाली सही करायची होती!

तसा इन्सुलीच्या माणसाला कागदावरचा हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना आमच्या गावाचे नाव ठाऊक झाले ते तपासणी नाक्यामुळे. कुठून आलास, कुठे चाललास, आत काय भरले आहेस, हे तिथे वर्षानुवर्षे विचारले गेले. आणि त्याच्याही आधीची गोष्ट वडील सांगत. बांदा ओलांडले की पत्रादेवी, आणि पत्रादेवीच्या पलीकडे १९६१ च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगीजांचे राज्य. माझी आत्या पेडण्याच्या बाजूला दिलेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर हद्द आवळली गेली, आणि पाच कोसांवरच्या बहिणीकडे जाणे भावाला विलायतेला जाण्याइतके अवघड झाले. वडिलांच्या सात भाऊबिजा ओवाळणीवाचून गेल्या. त्यामुळे 'कुठे जाणार, कधी परतणार' असे कुणी कागद पुढे करून विचारले, की आमच्या घरात एक जुनी कळ उठते. ती त्या तक्त्यावरही उठली. जपानचा त्यात काही दोष नव्हता.

तक्ता भाचीने भरला. नुसता भरला नाही, तर त्याला जोडून बारा दिवसांचे एक टाचण पाठवले. त्यात कुठल्या स्टेशनात कुठल्या क्रमांकाच्या दाराने बाहेर पडायचे इथपर्यंत सारे लिहिलेले. परदेशी प्रवाशांसाठी सात दिवसांचा रेल्वेचा पास असतो. तो पूर्वी २९,६५० येनला मिळे, २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे ५०,००० झाले. टोकियोहून क्योटोला एका बाजूला सुमारे चौदा हजार पडतात. तेव्हा तुम्हांला पास परवडत नाही, सुटी तिकिटे काढू, असा हिशेबही तिने मांडला होता. मोठ्या बॅगा बरोबर वागवायच्या नाहीत, त्या आदल्या दिवशी पोचवणाऱ्या कंपनीकडे द्यायच्या आणि हात हलवत गाडीत बसायचे. हे सगळे वाचून मी फोनवर तिला म्हणालो, "अगं, वाट चुकलो तर विचारू कुणाला तरी! तोंडात जीभ आहे तोवर माणूस हरवत नाही."

ती म्हणाली, "मामा, वाट विचारता तेव्हा तुम्ही समोरच्याचा वेळ घेता."

"वेळ घेत नाही," मी म्हणालो, "ओळख देतो."

हे वाक्य मी ज्या ठसक्यात म्हणालो तो ठसका पुढे टिकला नाही. पण त्या वेळी मला ते पुरते खरे वाटत होते, आणि निम्मे अजूनही वाटते. इन्सुलीत परका माणूस वाट विचारतो तेव्हा काय होते ते पाहा. "कोणाकडे जावचा तुमका?" हा पहिला प्रश्न. मग आपण कुठले, त्या घराशी नाते काय, येताना एस. टी. मिळाली की रिक्षा, तिकडे पाऊस कसा आहे, हे सारे सांगितल्याशिवाय वाट मिळत नाही. मिळते ती अशी : "सरळ जावा, वडाचा झाड गावतला, थंयसून वयल्या वाटेन." सांगणाऱ्याला दुपारभर पुरेल इतकी खबर मिळते, विचारणाऱ्याला वाट मिळते. कुणी कुणाचे देणे लागत नाही.

शिवाय कोकणातल्या माणसाने जपानला वाट विचारण्याची गोष्ट जुनी आहे, असे मी भाचीला ऐकवले. १८७५ साली मुरुडचा धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. त्याच कर्व्यांच्या हाती पुढे टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. ते विद्यापीठ १९०१ साली निघालेले. ती वाचून त्यांनी १९१६ साली पुण्यात आपले महिला विद्यापीठ काढले. आणि सत्तरी उलटल्यावर जगप्रवासाला निघाले तेव्हा ज्यांच्याकडून वाट कळली ते टोकियोचे विद्यापीठ डोळ्यांनी पाहून १९३० साली परत आले. भाचीने हे शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मामा, ते पुस्तिका वाचूनच गेले होते ना?"

ह्यावर मला उत्तर सुचले नाही.

तक्त्यात तिचा पत्ता पाहिला तेव्हा मात्र मला आनंद झाला. त्यात रस्त्याचे नावच नव्हते! जपानात बहुतेक ठिकाणी रस्त्यांना नावे नसतात. वस्तीचे तुकडे पाडून तुकड्यांना क्रमांक देतात आणि तुकड्यातल्या घरांना पुन्हा क्रमांक. जुन्या वस्त्यांतून हे क्रमांक घर कुठे आहे त्यावर नव्हे, तर ते केव्हा नोंदले गेले त्यावर असत; म्हणजे सात नंबराला लागून बेचाळीस. १९६२ साली कायदा करून त्यांनी हे पुष्कळसे सुधारले. मुंबईच्या माणसाला हा कारभार चमत्कारिक वाटेल, पण आमची वाडी, वाडीतले घर, आणि घरावरचा तो ग्रामपंचायतीचा नंबर ज्याचा शेजारच्या घराशी काही संबंध नसतो, ह्यांत वाढलेल्या माणसाला त्यात नवल ते काय? अशा पत्त्यांमुळेच की काय, तिथे नाक्यानाक्यावर पोलिसांची एक लहानशी चौकी असते. तिला कोबान म्हणतात. १८७४ पासूनची ही व्यवस्था आहे, आणि तिथल्या पोलिसाच्या कामांत लोकांना पत्ता सांगणे हे एक मोठे काम आहे. ज्या देशात वाट सांगायला सरकारने माणूस बसवला आहे, तिथे विचारण्यात कसला आला संकोच, असे मी मनाशी म्हटले आणि निघालो.

टोकियोत पहिले पाच दिवस मी कुणाला काहीही विचारले नाही. विचारायची पाळीच आली नाही. भाची राहते ते निशी-कासाई टोकियोच्या पूर्वेला एदोगावा विभागात आहे. तिथे हिंदी माणसांची इतकी वस्ती आहे की २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे तिथल्या नगरसभेवर निवडून आले. तिच्या स्टेशनचा क्रमांक टी-१६. भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनाला २००४ पासून असे अक्षर आणि आकडा दिलेला आहे. नाव वाचता आले नाही तरी आकडे मोजत जाता येते. भाचीने आम्हां दोघांना एकेक 'सुइका' कार्ड दिले होते. ते दारावर टेकवले की दार उघडते, उतरताना टेकवले की भाडे कापले जाते. तिकीट कुठले, खिडकी कुठली, सुटे पैसे आहेत का, काही नाही. यामानोते नावाची गाडी शहराभोवती प्रदक्षिणा घालते. ३० स्टेशने, साडेचौतीस किलोमीटर, सुमारे एक तास. चुकून उलट्या बाजूच्या गाडीत बसलात तरी बसून राहिल्यास मुक्कामाला पोचताच. आमच्या सौ.ना ही गाडी फार आवडली. देवळाभोवती फिरल्यासारखे वाटते म्हणाल्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी माझ्या ध्यानात आले, की आज सकाळपासून मी ह्या एवढ्या जनसागरात एकाही माणसाशी एक शब्द बोललेलो नाही. शिंजुकू स्टेशनाला दोनशेवर दारे आहेत. त्यांतल्या नेमक्या दाराने बाहेर पडलो, नेमक्या जागी पोचलो, आणि छाती फुगण्याऐवजी पोटात कसेसेच झाले. खंय चललात, असे मला कुणी विचारले नव्हते. मीही कुणाला नाही. भाचीला हे सांगितले तर ती हसली. म्हणाली, जुन्या आळ्यांतून इथेही शेजारी विचारतात, "दोचिरा ए?" म्हणजे कुणीकडे? आणि उत्तर ठरलेले, "चोत्तो सोको मादे." म्हणजे, हे जरा तिथपर्यंत. मी खुर्चीतून उठलोच. हे तर आमचे हंयच!

मग पाच शब्दांच्या ह्या भांडवलावर मी अधिक डोळे उघडे ठेवून हिंडू लागलो. आपल्याकडच्या मेट्रोच्या फलाटांवरही आता दिसतात त्या उठावाच्या पिवळ्या फरशा तिथे सगळीकडे आहेत. लांब रेघा असल्या तर चालत राहा, ठिपके आले तर थांबा, अशी ती पायाच्या तळव्यांना सांगितलेली भाषा. सेइइची मियाके नावाच्या माणसाने ती १९६५ साली शोधून काढली, आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ह्या फरशा पहिल्यांदा बसल्या. त्या फरशीवर जोडे काढून उभा राहावे असे मला एकदा वाटले, सौ.नी दंड धरून पुढे नेले. ज्याने कधी वाट विचारली नाही त्या आंधळ्या माणसाला, त्याने विचारण्याच्या आधीच कुणीतरी उत्तर देऊन ठेवले होते. मी 'कुणाला विचारले नाही' म्हणत होतो. पण माझ्या पायांखाली, डोक्यावरच्या पाट्यांवर, त्या टी-१६ मध्ये, कितीजणांनी न विचारता सांगितले होते!

हिरोशिमाला ट्राममध्ये बसलो तेव्हा तर हे फारच जवळून जाणवले. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला आणि ९ ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, ट्रामच्या मार्गाचा एक लहानसा तुकडा पुन्हा चालू झाला होता. पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून ट्रामकंपनीने १९४३ साली मुलींची एक शाळा काढली होती. निम्मा वेळ शिकायचे, निम्मा वेळ ट्रामवर काम करायचे. चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुली तिकिटे फाडीत, गाड्याही हाकीत. त्यांतल्या कितीतरी त्या सकाळी गेल्या. राहिल्या त्यांतल्या काही पुन्हा गाड्यांवर उभ्या राहिल्या. ट्राम वेळेवर आली, वेळेवर सुटली. मी कार्ड टेकवून उतरलो. आभार मानायला समोर होते ते एक लहानसे यंत्र.

क्योटोने मात्र मला उलटी बाजू दाखवली. तिथे बसमध्ये मागच्या दाराने चढायचे, २३० येन देऊन पुढच्या दाराने उतरायचे. बस इतकी भरलेली की आमच्या पुढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक आजी दोन थांबे पुढच्या दाराकडे सरकत होती आणि तिसऱ्या थांब्याला कशीबशी उतरली. बसमध्ये तिच्या गावचे म्हणावे असे मोजके लोक; बाकी सगळे आम्ही, आपापली टाचणे घेऊन. दिवसभर कितीही फिरा असा बसचा स्वस्त पास तिथे मिळे, तो २०२३ साली गर्दीपायीच विकणे बंद केले. गिओन भागातल्या खाजगी गल्ल्यांतून, गेइशा दिसतील म्हणून लोक कॅमेरे घेऊन घुसू लागले, तेव्हा २०२४ साली तिथे पाट्या लागल्या : आत याल तर दहा हजार येन दंड. आता गंमत अशी, की ह्यांतल्या एकाही प्रवाशाने कुणाला वाट विचारली नसेल. कुणाचा एक मिनिटही मागून घेतला नसेल. सारे नीट आखून, वेळेवर, पैसे मोजून आलेले. आणि तरी त्या आजीची उतरण्याची वाट त्यांनी घेतली होती. त्यांनी म्हणजे आम्ही.

त्याच संध्याकाळी पाऊस आला आणि आमचे टाचण संपले. म्हणजे असे, की ते फोनात होते आणि फोन मिटला. क्योटो हा जपानी पत्त्यांतला अपवाद. तिथे रस्त्यांना नावे आहेत, आणि अमुक रस्ता तमुक रस्त्याला छेदतो तिथून वर किंवा खाली, असा पत्ता सांगतात. वर म्हणजे उत्तरेला. आमची वयली वाडी आणि खालची वाडी! निशिजिन ह्या विणकरांच्या भागात आमचा मुक्काम होता, चिठ्ठीवर नाव होते. एका दुकानाच्या पागोळीखाली उभ्या असलेल्या, माझ्याच वयाच्या एका बाईंना मी ती चिठ्ठी दाखवली. अगदी सहज. साठ वर्षांची सवय ती.

बाईंनी चिठ्ठी वाचली. छत्री उघडली. आणि 'चला' अशी खूण करून त्या चालू लागल्या.

आम्ही वीस मिनिटे चाललो. त्या पुढे, आम्ही मागे. दोनदा थांबून त्यांनी कुणाला तरी विचारले. मला एवढेच कळत होते, की त्या निघाल्या होत्या त्याच्या बरोबर उलट्या दिशेला आम्ही चाललो आहोत, त्यांच्या पायांत भिजणारे बूट आहेत, आणि घरी कुणी वाट बघत असेल तर ते मला समजण्याचा मार्ग नाही. 'ओळख देतो' म्हणालो होतो ना भाचीला? कसली ओळख देणार? इन्सुली म्हणू? पाऊस कसा आहे ते सांगू? तो दोघांच्याही डोक्यावर पडत होता. इन्सुलीत वाट सांगणाऱ्याला नाही म्हणता येते. तो नुसते बोट दाखवतो आणि पुन्हा विडी ओढू लागतो. ज्याला नाही म्हणणे जमत नाही अशा माणसाला आपण काही मागावे का? त्या वीस मिनिटांत मी जन्मभर किती जणांना किती सहज काय काय मागितले ते आठवत चाललो होतो. बहुतेक ठिकाणी समोर बाईमाणूसच होते.

मुक्कामाच्या दाराशी बाईंनी वाकून नमस्कार केला. पैसे देणे तर शक्यच नव्हते, एवढे मला कळत होते. सौ.च्या पिशवीत जत्रेत मिळते तसले गूळ-आल्याचे खाजे होते, भाचीच्या मैत्रिणींसाठी आणलेले. त्यातला एक पुडा तिने बाईंच्या हातात दिला. बाई गोंधळल्या, नको नको म्हणाल्या, दोन्ही हातांनी घेतला. मग आपल्या पिशवीत बराच वेळ काही शोधले आणि दोन गोळ्या काढून आम्हां दोघांच्या तळहातावर एकेक ठेवली. आणि पावसात परत वळल्या. "म्हणजे पुन्हा त्यांचेच देणे आपल्यावर राहिले," सौ. म्हणाल्या. रात्री मी भाचीला फोनवर सांगितले, की तुझे टाचण बरोबर होते. ती म्हणाली, "मामा, ती बाई आठवडाभर हे सगळ्यांना सांगत बसेल. तिचा दिवस काही वाईट गेला नसेल." भाची आता माझ्या बाजूने बोलत होती आणि मी तिच्या!

गावी परतलो. हल्ली गोव्याला जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे कुणाला वाट विचारत नाहीत. नाक्यावरचा दुकानदार म्हणतो, पूर्वी दिवसाला वीसजण विचारायचे, त्यांतले पाच सोडा तरी पीत. आता काचा बंद, समोर फोन. मात्र फोन कधीकधी त्यांना महामार्गावरून आमच्या वाडीत उतरवतो, आणि मोठी गाडी शेताच्या बांधाशी येऊन उभी राहते. तरीही कुणी उतरून विचारत नाही. फोनकडेच पाहत राहतात. कुणाचा वेळ घ्यायचा नाही म्हणून, की कुणाची ओळख नको म्हणून, हे बंद काचेबाहेरून कळणे कठीण.

परवा, वसुबारसेच्या संध्याकाळी, अशीच एक पुण्याची गाडी अडकली. मी अंगणातून पाहत होतो. बऱ्याच वेळाने काच खाली झाली आणि एका तरुणाने, ओशाळत, "काका, बांद्याला कसे जायचे?" असे विचारले. सांगून कळण्यासारखे नव्हते, काळोखही पडला होता. मी बॅटरी घेतली आणि गाडीच्या पुढे चालू लागलो, वडापर्यंत. तिथे त्याने पाकीट काढून पन्नासाची नोट पुढे केली. माझा हात आपोआप मागे गेला. राग आला म्हटले तरी चालेल. आणि त्याच क्षणी तो खाज्याचा पुडा आठवला. त्या बाईंना तो कसा लागला असेल?

गाडीत मागे बसलेल्या त्याच्या बायकोला काय समजले कुणास ठाऊक. तिने त्याचा हात मागे ओढला, डबा उघडला आणि कागदात गुंडाळून चार चकल्या माझ्या हातावर ठेवल्या. "घरच्या आहेत," ती म्हणाली. मी घेतल्या. खिसे चाचपले; बॅटरीवाचून जवळ काहीच नव्हते.

"कुठे निघालात एवढ्या रात्री?" मी विचारले.

"हे इथेच, गोव्याला," तो म्हणाला.